बेल्ह्याच्या बाजारातला बर्फ

पुण्याहून जुन्नरकडे निघालेल्या एस. टी.त खिडकीची जागा मिळाली, की प्रवासी स्वतःला भाग्यवान समजतो. वैशाखात हा समज खेडपर्यंत टिकतो. सकाळचे ऊन उजव्या अंगाने येते आणि उजवीकडचे प्रवासी डावीकडच्या प्रवाशांकडे अकारण रागाने पाहू लागतात. मी उजवीकडे होतो.

दोन दिवसांची रजा होती. जुन्नरला जातो म्हटल्यावर कचेरीतल्या सहकाऱ्यांनी किल्ला आणि लेणी यांविषयी सूचना केल्या. किल्ला आणि लेणी मी पूर्वी पाहिली आहेत, आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. वाटेत भूक लागली तर काय मिळते आणि तहान लागली तर गार असे काय मिळते, ही माहिती मात्र कोणी छापत नाही. उन्हाळ्यात त्या बाजूला जाणाऱ्याला तिचीच गरज जास्त पडते.

मंचरला गाडी थांबली. स्टँडसमोर कढई चढलेली होती आणि कांदाभजी वर्तमानपत्राच्या कागदावर मिळत होती. कागद आमच्याच पत्राचा निघाला. मी लावलेल्या एका मथळ्यावर तेल पसरून तो प्रथमच सुबोध झाला होता. भजी चांगली होती. तिखट इतके, की सोबत दिलेली तळलेली मिरची त्यामानाने सौम्य वाटावी.

तिखटावर उपाय म्हणून शेजारच्या गाड्यावर गोळीचा सोडा घेतला. या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते. ती अंगठ्याने आत दाबायची, आणि पिताना बाटली अशी धरायची की गोटी गळ्यातल्या खाचेत अडकून राहील. पहिला भाग मला जमला. सोडा उसळून शर्टावर आला. दुसरा भाग जमेना. बाटली तोंडाला लावली की गोटी धावत येऊन तोंड बंद करी, खाली घेतली की परत जाई. बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ हे बराच वेळ पाहत होते.

"पुण्याचं का?" त्यांनी विचारले.

"हो."

"मंग बराबर हाय," असे म्हणून त्यांनी मान फिरवली.

मंचरहून दुसरी गाडी धरून घोडेगावला गेलो. आंबेगाव तालुक्याच्या या पेठेत गोडी शेव (गुळाच्या पाकात घोळलेली जाड शेव) फार चांगली मिळते. ती दातांना चिकटते आणि मग बोलता येत नाही. दुकानदाराला हे माहीत असल्याने तो गिऱ्हाइकाचे तोंड भरल्यावरच प्रश्न विचारायला सुरुवात करतो. मी कोणाकडे आलो, लग्नाला आलो की मोजणीला, मोजणीला असेन तर कोणाच्या, असे त्याने विचारले. मी हातांनी नकार दिला. शेव संपेपर्यंत मी सरकारी मोजणीदार आहे अशी बातमी शेजारच्या तीन दुकानांत पोचली होती, आणि भत्ता (चुरमुरे, शेव, दाणे यांचा तिखट चिवडा) घ्यायला गेलो तेव्हा मला मापापेक्षा बराच जास्त मिळाला. मी खुलासा केला. खुलाशावर कोणी विश्वास ठेवला नाही.

नारायणगावला उसाचा रस. चरक लाकडी आणि फिरवणारा बैल वयस्क. मालक गप्पा मारू लागला की बैल थांबे आणि बैल थांबला की रस थांबे. माझा पेला तीन विषयांत भरला. त्यात माशी होती. ती मी दाखवली.

"रस प्यायालाच आली ती बी, भाऊ," मालक म्हणाला आणि बोटाने तिला बाहेर काढून त्याने पेला परत दिला.

जुन्नरला पोचलो तेव्हा ऊन उतरत होते. पेठेच्या टोकाला उस्मानभाईंचे सरबताचे दुकान आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, फळीवर गुलाबाच्या सरबताच्या बाटल्या, एका वाडग्यात फुगलेला सब्जा (तुळशीच्या जातीचे बी) आणि बसायला एक बाक, एवढा पसारा. सरबत माठातल्या पाण्याचे होते. गोड, वासाचे आणि बऱ्यापैकी गार. मी दुसरा पेला मागितला तेव्हा उस्मानभाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"दुसरा पेला मागणारं आज तुमीच," ते म्हणाले. "पैला मागणारं बी तुमीच म्हना."

त्यांचे घराणे कागद्यांचे, म्हणजे हाताने कागद करणाऱ्यांचे. गिरणीचा कागद स्वस्त झाला आणि घरातला हौद कोरडा पडला. तेव्हापासून सरबत. मग गावात गोळीचा सोडा आला आणि तरुण मंडळी त्याच्यामागे गेली. बाटली फोडल्यासारखा आवाज होतो, तो त्यांना आवडतो, असे उस्मानभाईंचे मत. मुंबईला गोदीत त्यांचे मेहुणे आहेत. त्यांनी गोदामात उस्मानभाईंसाठी नोकरी पाहून ठेवली होती आणि पत्रांतून एकच गोष्ट विचारीत होते, कधी येता?

"उद्या कळल," उस्मानभाई म्हणाले. "उद्या बेल्ह्याचा बाजार. पुण्याहून बर्फ मागवलाय. बेल्ह्यात आजवर कुनी बर्फ नेला न्हाई. चालला तर हितंच ऱ्हायचं. न्हाई चालला तर गोदाम."

"त्यात न चालण्यासारखे काय आहे?"

आतून, पडद्यामागून त्यांच्या पत्नीने उत्तर दिले. "सावळाराम हेडी हाय की."

हेडी म्हणजे गुरांचा दलाल. बेल्ह्याच्या बैलबाजारात कोणी कुठे बसायचे हे सावळाराम हेडींच्या शब्दावर ठरते. त्यांनी आधी दोनदा नकार दिला होता. नवीन वस्तू बाजारात आली की सौद्यांना नाट लागतो, असे त्यांचे म्हणणे. शेवटी एका बाजारापुरते बसू देण्याचे कबूल केले होते. एकही सौदा बिघडला, तर बर्फवाल्याने उठायचे आणि परत यायचे नाही. उस्मानभाईंनी मला बरोबर येण्याचे आमंत्रण दिले. नाही म्हणण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावला पुण्याची गाडी आली आणि टपावरून बर्फाची लादी उतरली. भुशात घातलेली, पोत्यात शिवलेली. उस्मानभाईंनी तिच्यावर घरची गोधडी गुंडाळली. ही गोधडी त्यांच्या पत्नीने या कामासाठी मुद्दाम शिवली होती. ते गाठोडे बेल्ह्याच्या गाडीच्या टपावर चढले आणि आम्ही आत बसलो. आळे फाट्याच्या अलीकडे मधल्या बाकावरच्या एका शेतकऱ्याच्या खांद्यावर पाणी ठिबकू लागले.

"मास्तर," तो कंडक्टरला म्हणाला, "वर बकरं बांधलंय का?"

"बर्फ हाय त्यो."

"असं व्हय." तो जरा सरकला आणि डोके नेमके ठिबक्याखाली आणून बसला. पुढच्या वळणावर ठिबका सरकला तेव्हा शेजाऱ्याने डोके पुढे केले. त्यावरून त्यांची बोलाचाली झाली. बेल्हे येईपर्यंत त्या बाकावर सहा जण बसले होते आणि उस्मानभाई खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात लादी घटताना मोजत होते.

बेल्ह्याचा बाजार उघड्या माळावर भरतो. बैलांच्या रांगा, कडब्याचे ढीग, कासरे-घुंगरांची दुकाने, एका कडेला चहावाल्याची चूल. उस्मानभाईंना निंबाखाली जागा मिळाली. त्यांनी लाकडी रंधा उताणा मांडला, बर्फ त्यावरून फिरवून कीस काढला आणि पहिला पेला भरला. तो पितळी होता आणि लोट्याएवढा मोठा. किसाऐवजी त्यात त्यांनी अंड्याएवढा अखंड खडा टाकला. हा पेला सावळाराम हेडींचा मान होता.

हेडी तेव्हा एका सौद्यात होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर स्वच्छ उपरणे. या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरतो आणि बोटांवरून आकडा सांगतो किंवा ऐकतो. किती बोटे धरली, कुठे दाबली, यावर सगळे ठरते. तळहात दाबला की मान्य, हात काढून घेतला की नामंजूर. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा तिघांनाच माहीत असतो, आणि पुढेही तो कोणी उच्चारत नाही. सावळाराम हेडींची बोटे या कामात सर्वांत जाणती समजली जात.

बैल पारगावच्या भागूजींचा होता. घेणारे येडगावचे कोंडिबा. त्यांच्या घरी एकच बैल उरला होता आणि पेरणी तोंडावर आली होती. त्यांनी बैलाचे दात पाहिले, त्याला चालवून पाहिले, स्वतःच्या छातीशी त्याची उंची लावून पाहिली. जोड जमण्यासारखी होती. हेडी भागूजींचा आकडा घेऊन कोंडिबांकडे वळत होते, इतक्यात उस्मानभाई पेला घेऊन आले.

हेडींनी सरबत एका दमात संपवले. खडा उरला. मानाने दिलेली वस्तू टाकायची नसते. त्यांनी खडा तोंडात घेतला, लगेच बाहेर काढला आणि मिशा पुसल्या.

"ह्याचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारले.

"इरघळला की पानी व्हतं, मामा. मंग प्यायचं."

हेडींनी खडा उजव्या मुठीत धरला आणि तो विरघळण्याची वाट पाहत उभे राहिले. लोक पाहत असल्यामुळे चेहऱ्यावर काही दिसू न देता ते उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग कोंडिबा म्हणाले, "मामा, ऊन व्हतंय," तेव्हा तीच मूठ उपरण्याखाली गेली.

कोंडिबांनी एकदम हात मागे ओढला. हेडींच्या भुवया वर गेल्या. बाजाराच्या भाषेत हा नकार होता, आणि तोही उद्धट.

"काय झालं?"

"काय न्हाई," कोंडिबा म्हणाले. "धरा."

हेडींनी पुन्हा हात धरला. या वेळी कोंडिबा दात आवळून, पाण्यात उतरलेल्या माणसासारखे उभे राहिले. हेडींनी मान हलवली, भागूजींकडे गेले, उपरणे त्यांच्या हातावर टाकले. भागूजींचा चेहरा उजळला. त्यांनी इतक्या घाईने तळहात दाबला की तेव्हाच शंका यायला हवी होती. सौदा ठरला. बैलाच्या पाठीवर गुलाल पडला आणि दोघे हिशेब करायला गाडीमागे गेले.

थोड्या वेळाने ते परत आले. आता भागूजींच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता.

"हेडी," भागूजी म्हणाले, "मला जे सांगितलं ते हे न्हाई देत."

"मी जे दिलं तेच देतोय," कोंडिबा म्हणाले.

"ते म्या घेतलंच न्हाई."

"मंग तुमी घेतलं ते म्या दिलंच न्हाई."

गर्दी जमली. भांडण वाढत गेले, पण आकडा कोणाच्याही तोंडून निघेना. जास्त म्हणजे किती जास्त आणि कमी म्हणजे किती कमी, हे दोघे हातवारे करून सांगत होते, आणि हातवाऱ्यांतूनही काही कळू नये म्हणून बोटे मिटून घेत होते. वार्ताहराच्या सवयीने मी विचारले, "पण आकडा नेमका काय होता?"

भांडण तत्क्षणी थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"पावणं," कोंडिबा समजुतीने म्हणाले, "असं इचारायचं नसतं."

"शिकलेलं दिसतंय," भागूजींनी त्यांना दुजोरा दिला. मग दोघे पुन्हा भांडू लागले.

"ह्या बोटांनी आजवर चूक केली न्हाई," हेडी म्हणाले. आवाज खाली होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. भागूजींनी पुढे होऊन त्यांचा उजवा हात धरला, आणि कोंडिबांनी ओढला होता तसाच मागे ओढला.

"हात हाय का इहिरीतला दगड? बोटांना कळतंय तरी का काय?"

हेडींनी मूठ उघडली. बोटे पांढरी पडली होती आणि तळव्यात बर्फाची कपची शिल्लक होती. ती अजून विरघळायची होती. सगळ्या बाजाराची नजर निंबाकडे गेली.

उस्मानभाईंचा रंध्यावरचा हात थांबला. ते पुढे आले.

"मामा, पेला म्या दिला. चूक माझ्या बर्फाची," ते म्हणाले. "तुमी बोलायच्या आधीच गुंडाळतो." परत जाऊन त्यांनी खरोखरच गोधडी उचलली आणि अर्ध्याहून जास्त उरलेल्या लादीवर घातली.

"बरं झालं," चहावाला आपल्या चुलीमागून म्हणाला. "गारठ्याचं काम हिवाळ्यात करावं मान्सानं."

हेडी आपल्या हाताकडे पाहत होते. अडचण त्यांचीही होती. दोष बर्फाचा नाही म्हणावे तर बोटांची अब्रू गेली. बर्फाचा म्हणावे तर त्यांनी स्वतः बसवलेल्या माणसाने दिलेला तो मान होता, आणि एका खड्याने सावळारामला हरवले ही गोष्ट पुढच्या बाजारापर्यंत चार गावे फिरणार होती.

"उस्मान, थांब. गोधडी ऱ्हाऊ दे," ते अखेर म्हणाले. "आदी हात ऊन करू. मंग बोलू."

ते चहावाल्याच्या चुलीशी जाऊन बसले आणि किटलीवर हात धरला. बाजार थांबला. बैल रवंथ करीत होते आणि माणसे एका हाताची वाट पाहत होती. चहावाल्याने मोठ्या समाधानाने लाकूड आत सारले. अधूनमधून भागूजी येऊन हेडींची बोटे चाचपून पाहत आणि "अजून न्हाई" म्हणून परत जात. शेवटी करंगळीला चटका बसला आणि हेडी ओरडले, तेव्हा बोटे जागी झाली असे सर्वानुमते ठरले.

सौदा पहिल्यापासून झाला. उपरणे कोंडिबांकडे, भागूजींकडे, परत कोंडिबांकडे. या वेळी कोणी हात ओढला नाही आणि कोणाचा चेहराही उजळला नाही. मला सांगण्यात आले की सौदा खरा असल्याची हीच खूण असते. गुलाल एकदा पडला होता, तो पुरेसा मानला गेला. कोंडिबांनी बैलाचा कासरा हातात घेतला.

मग हेडी निंबाखाली गेले. उस्मानभाई उभे राहिले.

"बर्फ बसंल," हेडी म्हणाले. "पर सौद्याच्या आदी न्हाई. ज्याच्या जनावराला गुलाल लागला, त्यालाच पेला. देनाऱ्याला येक, घेनाऱ्याला येक. बाकी कुनाला दिला, तर तू बी उठ आनि निंब बी तोडू."

पहिले दोन पेले भागूजींना आणि कोंडिबांना मिळाले. सौदा पुरा झाल्यापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. अर्धा पेला झाल्यावर भागूजी समोर पाहत म्हणाले, "लई गार हाय राव." कोंडिबा म्हणाले, "व्हय की." मग भागूजींनी बैल कोणत्या अंगाला जुंपावा आणि तो कशाला बुजतो, ते सविस्तर सांगितले.

पुढे घडले ते हेडींनीही धरलेले नव्हते. ऊन चढत होते आणि ओठांवर लाल रंग घेऊन फिरणारी माणसे बाजारात दिसू लागली होती. एरवी दुपार कलेपर्यंत रेंगाळणारे सौदे तासाभरात मिटू लागले. ताणून धरणारे गिऱ्हाईक निंबाकडे पाही आणि तळहात दाबी. एक माणूस नुसते बाजार पाहायला आलो म्हणून सांगत होता. तो वासरू घेऊन गेला. इतर हेडी उस्मानभाईंना "भाऊ" म्हणू लागले. चहावाला कोणालाही काही म्हणत नव्हता.

हे सगळे मी रिकाम्या हाताने पाहत होतो. गर्दी जरा ओसरल्यावर पुढे झालो आणि एक पेला मागितला.

"साहेब, काय घेतलं?" उस्मानभाईंनी विचारले.

"काही नाही. पेला द्या."

त्यांनी अतिशय दुःखी चेहऱ्याने हेडींकडे पाहिले. हेडी नेमके इकडेच पाहत होते.

"कोंबडी घेतली तर चालेल का?" मी हेडींना विचारले.

"कोंबडीचा सौदा उपरन्याखाली व्हत न्हाई."

कोंडिबांना माझी दया आली. त्यांनी मला जवळ बोलावून आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवायला सांगितले. तळव्याला गुलाल लागला. तो मी उस्मानभाईंना दाखवला. त्यांनी तळवा पाहिला, बैल पाहिला, मान खाली घातली आणि रंधा चालवू लागले.

"साहेब, जुन्नरला या. हवं तेवढं पाजतो," ते पुटपुटले. "हितं हेडींचा शब्द हाय."

मी चहा प्यालो. तो गरम होता. चहावाल्याने मला दुसरा कप आग्रहाने दिला. त्या दुपारचे त्याचे गिऱ्हाईक बहुधा मी एकटाच.

लादी संपली तेव्हा बाजारही मोडला होता. परतीच्या गाडीत उस्मानभाई शेजारी बसले. भिजलेली रिकामी गोधडी मांडीवर, आणि हात पाण्यात राहून सुरकुतलेले. पुढच्या बाजाराला लादी मोठी लागेल, असे ते दोनदा म्हणाले. मेहुण्यांना काय कळवणार, असे मी विचारले.

"तूच ये म्हनून कळवतो," ते म्हणाले. "निंबाखाली येकट्यानं उरकत न्हाई."

नारायणगावला ते उतरले आणि मी पुण्याची गाडी धरली. घरी पोचल्यावर अपेक्षेप्रमाणे विचारणा झाली, काय काय खाल्ले, काय काय प्यालो. मंचरची भजी जरूर खावी. घोडेगावची गोडी शेव कोणी काही विचारत नसताना खावी. जुन्नरचे गुलाबाचे सरबत माठातल्या पाण्याचेही उत्तम लागते. बेल्ह्याला तेच बर्फ घालून मिळते आणि ते पिणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून फारच चांगले असावे. अधिक खात्रीने लिहिता येत नाही. त्यासाठी बैल घ्यावा लागतो.